फाशिंगच्या सुट्टीत पहिल्यांदाच स्कीइंग: मुलांची शाळा, लिफ्टचे पास आणि आजी-आजोबा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

म्युनिकला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलाला नुकतंच पाचवं पूर्ण झालं. यंदा फाशिंगच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या कार्निव्हल सणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून स्कीइंगला जायचं ठरतंय, आणि ते मुलीसाठी. हिवाळा सुरू झाला की दर सोमवारी तिच्या वर्गातली मुलं शनिवार-रविवारच्या डोंगरावरच्या गोष्टी सांगतात. ही घरी येऊन विचारते, "आई, आपण कधी जायचं?" पुढे गिम्नाझिउममध्ये, म्हणजे पाचवीपासूनच्या शाळेत, बऱ्याच ठिकाणी स्कीलागर असतं, वर्गाचं स्कीइंगचं शिबिर. अख्ख्या वर्गाला येतंय आणि हिला एकटीला खाली थांबावं लागतंय, असं व्हायला नको, एवढंच मनात आहे.

आम्ही दोघं नाशिकचे. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, पण बर्फावर घसरायचा अनुभव घरात कोणालाच नाही. त्याच आठवड्यात माझे सासू-सासरे इथे असतील. आई ६६ आणि बाबा ७१. त्यांना म्युनिकच्या घरात एकटं ठेवून जायची इच्छा नाही.

सगळ्यात मोठी अडचण लिफ्टच्या पासांची वाटतेय. ऑस्ट्रियातल्या तिरोल राज्यातल्या एका मोठ्या भागाचे दर पाहिले. प्रौढाला एका दिवसाचे ७० युरोंच्या वर. दोन मोठे आणि एक मूल धरून पाच दिवसांचा हिशेब मांडला आणि वही मिटून ठेवली. नुकत्याच शिकणाऱ्या माणसाला शेकडो किलोमीटर उतारांचा पास लागतो का? दुसरं म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातले एक मित्र म्हणतात, शाळेवर पैसे घालवू नका, दोन दिवसांत मीच शिकवतो. त्यांचं ऐकावं का? रोज म्युनिकहून जाऊन-येऊन जमेल की तिथेच राहावं? आणि आई-बाबांचा दिवस कसा जाईल?

ज्यांनी हे केलंय त्यांनी अगदी मोज्यांपर्यंत सगळं सांगा. मी लिहून घेणार आहे.

---

इनखोरे

सविस्तर लिहितो. इन्सब्रुकजवळ राहतो, १२ वर्षं झाली. दोन्ही मुलं इथेच शिकली, आम्ही नवरा-बायको पस्तिशीनंतर शिकलो.

आधी पासांचं सांगतो, कारण आमचे पैसे तिथेच वाया गेले. पहिल्या वर्षी हौसेनं चौघांचे अख्ख्या भागाचे सहा दिवसांचे पास ऑनलाइन घेऊन ठेवले. पहिले तीन दिवस आम्ही ज्या जागेवर होतो ती फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठी नसेल. सरावाची सपाटशी जागा, आणि वर जायला जमिनीसरशी सरकणारा पट्टा. त्याला इथे त्साउबरटेपिश म्हणतात, जादूचा गालिचा. पोरगं स्कीसकट त्यावर उभं राहतं आणि हळूहळू वर जातं. त्या गालिच्याला डोंगराचा पास लागतच नव्हता! मुलांचं भाडं शाळेच्या फीमध्ये धरलेलं होतं आणि मोठ्यांना काही तासांचं छोटं तिकीट खिडकीवर मिळत होतं. आम्ही विचारलंच नाही. पास एकदा फाटकातून गेला की मग परत नाही. कोणाला दुखापत झाली तर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या दाखल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात, पण ते त्या एकाच माणसाचे. पाय एकाचा मोडला म्हणून सगळं घर परत निघालं, तर बाकीच्यांचे बुडतात.

म्हणून बुकिंगच्या आधी स्की-शाळेला ईमेल करा आणि दोनच गोष्टी विचारा. सरावाच्या जागेची लिफ्ट फीमध्ये आहे का? आणि मुलांना साधारण कितव्या दिवशी डोंगरावर नेता? नऊ वर्षांचं धीट मूल पुष्कळदा तिसऱ्या दिवशी खुर्चीच्या लिफ्टवर जातं, पाच वर्षांचं चौथ्या-पाचव्या. त्या दिवसापासून पास घ्या, तोही मुलं शिकतात तेवढ्याच छोट्या भागाचा. सहा वर्षांखालच्या मुलांना ऑस्ट्रियात बऱ्याच ठिकाणी आई-वडिलांच्या पासवर फुकट नेता येतं आणि नऊ वर्षांच्या मुलीला साधारण निम्मं भाडं पडेल. वय बहुतेक जन्मसालावरून धरतात, म्हणून मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा. पास म्हणजे बँकेच्या कार्डासारखं प्लास्टिकचं कार्ड असतं, त्याचं दोन-चार युरो डिपॉझिट घेतात, परत करताना मिळतं. जॅकेटच्या डाव्या खिशात एकटं ठेवा. त्याच खिशात मोबाइल असला की फाटक उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते.

आता शाळेचं. तुमच्या यजमानांच्या मित्राचा हेतू चांगलाच असणार, पण मुलांना शाळेतच घाला. स्की शिकवणारा माणूस अख्खा हंगाम पाच-पाच वर्षांच्या मुलांबरोबर काढतो. पहिला दिवस तो पडायचं कसं, उठायचं कसं आणि थांबायचं कसं यातच घालवतो. दोन्ही स्कींची टोकं पुढून जुळवून मागून फाकवायची, तो आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून मुलांना नुसतं "पिझ्झा!" म्हटलं की ती थांबतात. समांतर केल्या की "पोमेस", म्हणजे फ्रेंच फ्राइज. ज्याला स्वतःला छान येतं त्याला हे एवढं हळू शिकवणं जड जातं. तो पहिल्याच दुपारी मुलाला डोंगरावरच्या निळ्या खुणेच्या उतारावर नेतो. अर्ध्या उतारावर स्की काढून रडत बसलेली मुलं मी दर हिवाळ्यात बघतो, आणि जवळ बहुतेक वेळा त्यांचा बाबाच उभा असतो.

वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि पाच दिवस चालतात. बहुधा १० ते १२ आणि पुन्हा १ ते ३. मधल्या वेळात जेवणासकट मुलांना सांभाळायची सोय असते, ती जरूर घ्या. शेवटच्या दिवशी छोटी शर्यत असते आणि प्रत्येक मुलाला पदक मिळतं. बुधवारी मध्येच घातलं तर मूल गटाच्या मागे पडतं. मुलांना जर्मन येतं, त्यामुळे तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

आणि तुम्ही दोघांनीही त्याच वेळी मोठ्यांचा वर्ग लावा. कुंपणाशी उभं राहून मुलांकडे बघत बसू नका. आई दिसली की लहान मूल हमखास रडतं, नजरेआड झाली की दहा मिनिटांत रमतं.

राहायचं तिथेच. शनिवारी सकाळी इन खोऱ्याकडे येणारा महामार्ग कसा तुंबतो ते मी घरातून बघतो. पाच वर्षांच्या मुलाला पहाटे पाचला उठवून हे करणं त्याच्यावर अन्याय आहे.

---

झुरिचवासी

इनखोरे यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

स्कीलागरबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी भोगलंय. आमची थोरली पाचवीत असताना वर्गाबरोबर गेली. २१ मुलांत दोघांनाच येत नव्हतं, एक ही आणि एक सीरियाहून आलेला मुलगा. शिक्षकांनी दोघांसाठी वेगळी व्यवस्था केली, कोणी हसलं नाही, पण रात्री फोनवर तिचा आवाज ऐकून मला झोप लागली नाही. धाकटीला आम्ही साडेचार वर्षांची असतानाच घातलं. तुम्ही वेळेत करताय.

स्वित्झर्लंडकडे यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. इथे आता पुष्कळ ठिकाणी लिफ्टचे दर विमानाच्या तिकिटासारखे बदलतात, आधी घ्याल तितकं स्वस्त. मुलांच्या सवलतीही ठिकाणागणिक वेगळ्या. त्सेरमाटला नऊ वर्षांखालची मुलं फुकट जातात, शेजारच्या खोऱ्यात नियम दुसरा. त्यामुळे एकूण खर्च काढताना मोठ्यांच्या दराइतकंच मुलांच्या वयाच्या रेषेकडे बघा. सुट्टीचे आठवडेही इथे कँटनप्रमाणे, म्हणजे राज्याप्रमाणे, पुढेमागे असतात.

वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर मुलांचं सामान रोजच्या भाड्यानं घेऊ नका. दुकानं ऑक्टोबरपासून अख्ख्या हंगामासाठी स्की-बूट भाड्यानं देतात. मध्येच पाय वाढला तर बदलूनही देतात.

---

हाडवैद्य

मी स्टुटगार्टला फिजिओथेरपिस्ट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे जे गुडघे येतात त्यांच्याबद्दल थोडं.

बूट आणि स्की यांना जोडणारं जे बाइंडिंग असतं, ते पडताना सुटलं पाहिजे. किती जोरावर सुटायचं ते दुकानदार तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला किती येतं यावरून लावतो. तिथे वजन खरं सांगा आणि "मला थोडंफार येतं" असं म्हणू नका. जड लावलेलं बाइंडिंग सुटत नाही आणि मग पिळवटतो तो गुडघा. मित्राच्या स्की उसन्या घेतल्या तरी बाइंडिंग दुकानातून पुन्हा लावून घ्या.

दुसरं अंगठ्याचं. पडताना काठी मुठीत राहिली की अंगठा मागे ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटतो. पडतोय असं वाटलं की काठ्या सोडून द्यायच्या, हे आधीच मनाशी घोकून ठेवा.

आजपासून रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसा. आधी ३० सेकंद, मग वाढवत दीड-दोन मिनिटं. जिने उतरा. पहिल्या दिवशी मांड्या थरथरतात त्या याच सवयीच्या अभावी. तिसऱ्या दिवशी दुपारी माणूस सगळ्यात जास्त थकलेला असतो, त्या दिवशी जेवणानंतर सरळ सुट्टी घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, आणि फार जण सांगतात, "शेवटची एक फेरी मारू म्हटलं आणि..."

हेल्मेट सगळ्यांना. ऑस्ट्रियाच्या बहुतेक राज्यांत १५ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे. तिरोलमध्ये तशी सक्ती नाही, तरी घालाच. इटलीत १ नोव्हेंबर २०२५ पासून मोठ्यांनाही सक्ती झाली आहे.

विम्याचं आजच बघा. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं आणावं लागलं तर बिल काही हजार युरोंत जातं आणि जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा ते देईल असं गृहीत धरू नका. जर्मन किंवा ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं की माणशी २५,००० युरोंपर्यंत सुटकेचा खर्च त्यात येतो, शिवाय कुटुंबाचं सदस्यत्व वेगळं मिळतं. ऑस्ट्रियात डोंगरी बचाव पथकाचा नंबर १४०, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावाचा १४१४, आणि कुठेही ११२. फोनमध्ये टाकून ठेवा. आई-बाबांच्या व्हिसासाठी घेतलेला विमा किमान ३०,००० युरोंचा असतोच, पण त्यात हिवाळी खेळ वगळलेले आहेत का ते बारीक अक्षरांत वाचा. ते स्की करणार नसले तरी घसरगाडीवर बसायचा मोह होतो.

---

सह्यभटक्या

धागाकर्तीचा प्रश्न आल्प्सचा आहे, पण इथे भारतातले वाचकही येतात म्हणून गुलमर्गचा अनुभव टाकतो. पुण्याहून आम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा असे गेलो होतो.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. तिथली गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत जाते, पहिला कोंगडूरीपर्यंत आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ ला सुरू झाला, दुसरा २००५ ला. इथल्या धाग्यांवर लोक दुसऱ्या टप्प्याची तिकिटं कशी मिळवायची हेच विचारतात. शिकायला जाणाऱ्याला त्याची काही गरज नाही. वरचे उतार सपाट करून ठेवलेले नसतात, हिमस्खलनाचा धोका खरा असतो, जगभरातले मुरलेले स्कीअर तिथे जातात. तुम्ही आम्ही शिकतो ते खालच्या बेबी स्लोपवर, तिथे छोटी ओढ-लिफ्ट आहे. इनखोरे म्हणतात तसंच, सुरुवातीला महागडं तिकीट घेऊ नये हे गुलमर्गलाही तितकंच लागू आहे. वर बघायला म्हणून एकदा गोंडोलानं जा, तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

शिकवणारे तुमच्या गाडीपाशीच गाठतात. आम्ही घाईत पहिल्याच माणसाला हो म्हटलं, त्यानं मुलाला बूट दोन मापं मोठे दिले आणि दीड तासात वर्ग संपवला. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं परवाना असलेला शिकवणारा गाठून दिला. त्यानं पहिला अर्धा तास नुसतं एका पायावर स्की घालून चालायला लावलं. मुलगा चार दिवसांत छान वळायला लागला. नीट अभ्यासक्रम करायचा असेल तर तिथे केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिची चौकशी खूप आधी करावी लागते.

बर्फाचा भरवसा मात्र तपासून घ्या. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, ज्याला तिथे चिल्ला-इ-कलाँ म्हणतात, ते हमखास बर्फाचे असं पूर्वी होतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं बर्फाविना पिवळी पडली होती, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. मी आता फेब्रुवारीचा मध्य सुचवतो. तंगमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीनंच चढायचा.

---

गोदाकाठची

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! नवऱ्यानं अख्खा धागा छापून फ्रिजवर लावलाय.

झालेली प्रगती: विल्डर काइझर डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात सात रात्रींचं घर घेतलं, स्वयंपाकघरासकट. शाळेला ईमेल केला, सरावाचा गालिचा मुलांच्या फीमध्ये आहे. पास अजून घेतलेला नाही. आल्पाइन क्लबचे सदस्य झालो. भिंतीला टेकून बसायची घरात स्पर्धा चालू आहे, बाबा ५० सेकंदांवर पोचलेत.

राहिलेले प्रश्न बुटांचे, कपड्यांचे आणि आई-बाबांचे.

---

मिरजेची_आजी

आई-बाबांचं मी सांगते. माझं वय ६९, दरवर्षी दोन महिने लेकीकडे साल्झबुर्गला असते आणि तिच्याबरोबर तीन वेळा अशा सहलीला गेले आहे.

पहिली गोष्ट, पायात घालायची. वरून कितीही चांगले दिसणारे बूट इथे घसरतात. बुटांवर रबरासारखे ताणून बसवायचे काटे मिळतात, ते दोघांनाही घ्या. गावातल्या रस्त्यावर सकाळी पारदर्शक बर्फाचा थर असतो, तो दिसत नाही. डोंगरावर पडण्यापेक्षा पार्किंगमध्ये पडण्याची भीती आमच्या वयात जास्त.

दुसरं, आमच्यासारख्यांना लिफ्टचं पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट मिळतं. बंद डब्यातून वर जायचं, डब्यातूनच परत यायचं. वर लाकडी उपाहारगृह असतं, उन्हात बाकं मांडलेली असतात, चालायला रोलर फिरवून सपाट केलेली वाट असते. पहिल्यांदा मी वर गेले तेव्हा सगळीकडे पांढरं आणि एकदम शांत होतं. आमच्या ह्यांची फार आठवण आली. असलं मनातलं लेकी-सुनांना सांगता येत नाही, म्हणून वेळ काढून दोघांना दोघांसाठी वर पाठवा. सगळे दिवस नातवंडांच्या मागे नकोत.

सासूबाईंवर स्वयंपाकाचा भार टाकू नका, पण करायचं असेल तर करू द्या. मी मेतकूट, भाजणी आणि भाजलेला रवा घेऊन जाते. चार वाजता पोरं ओलीचिंब येतात तेव्हा गरम मऊ भात, मेतकूट, तूप याच्यासारखं काही नाही. थर्मास दोन न्या. काळा चष्मा आणि उन्हाचं मलम आम्हालाही हवं, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी गोळ्या विमानाच्या चेक-इन बॅगेत राहू देऊ नयेत, हे मी केलेलं आहे.

मूळ पासपोर्ट जवळ हवेत. जर्मनीत परत शिरताना महामार्गावर पोलीस गाडी थांबवतात.

---

इनखोरे

आजी, नमस्कार. तुमचं लेखन वाचून माझ्या आईला पुढच्या वर्षी न्यायचं पक्कं केलं.

बूट: आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या, सोमवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आत गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतो. मोज्याच्या आत लेगिंग खुपसू नका, नडगीवर वळ उठतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की ती सुटली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोठा बूट आरामाचा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी छळतो. स्की नवशिक्याला हनुवटीच्या खालीच असाव्यात.

कपडे: आत घाम शोषणारा थर, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं. मुलांना बोटांचे हातमोजे नकोत, मुठीचे घ्या आणि दोन जोड न्या. पहिला जोड दुपारी बाराला भिजलेला असतो. गॉगल हेल्मेटबरोबर लावून बघून घ्या, कपाळाला फट राहता कामा नये.

लिफ्टचं एक. टी आकाराच्या दांड्याची ओढ-लिफ्ट असते, ती कमरेखाली टेकवून उभ्यानं ओढून घ्यायचं. त्यावर बसायचं नाही. बसलात की गेलात. खुर्चीच्या लिफ्टवर सव्वा मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. शाळेचा शिक्षक एकटा आणि मुलं आठ असतात, म्हणून तो रांगेतल्या लोकांना एकेक मूल वाटून देतो. तुमच्याकडेही देईल, घाबरू नका.

रस्ता: महामार्गावरून कूफश्टाइन-स्यूडच्या फाट्याला उतरणार असाल तर सीमेपासून तिथपर्यंतच्या तुकड्याला व्हिन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, लागत नाही, डिसेंबर २०१९ पासून. त्यापुढे महामार्गावर राहिलात तर लागतं. हिवाळी टायर हवेतच.

---

पोहेवाला

वाचनखूण साठवली. मिरजेच्या आजींनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

---

गोदाकाठची

परत आलो! काल रात्री सामान लावलं, आज लिहायला बसले.

सोमवारी मुलगा रडला. चांगला चाळीस मिनिटं रडला. आम्ही इनखोरे यांचं ऐकून मागे न बघता आमच्या वर्गाकडे निघालो, पण माझे पाय काही केल्या पुढे पडत नव्हते. नंतर बाबांनी सांगितलं, शिकवणाऱ्या मुलीनं त्याच्या हातात एक लाल शंकू दिला आणि "हा तिकडे ठेवून ये" म्हणाली. मग दुसरा दिला, मग तिसरा. सहाव्या शंकूला तो रडायचं विसरला.

बाबांचा दिवस कसा जाईल याची मला काळजी होती. ते रोज दहा वाजता काटे लावून, थर्मास घेऊन सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी, नातवाला दिसणार नाही अशा खांबामागे उभे राहत. खिशातल्या डायरीत त्यांनी त्याच्या पडण्याच्या रेघा ओढल्यात, पाचाचे गठ्ठे करून. सोमवारी ३१. मंगळवारी २२. बुधवारी शिकवणाऱ्यांनी गट बदलला म्हणून पुन्हा २६. शुक्रवारी ४, आणि त्यातली एक पदक घ्यायला धावताना. ती डायरी मी नाशिकला परत जाऊ देणार नाहीये.

गुरुवारी दोघांना दोघांसाठी वर पाठवलं, आजींनी सांगितलं तसं. परत आल्यावर आई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हातावर हात ठेवून बसल्या. आजी, तुम्हाला मनापासून नमस्कार.

मुलगी दुसऱ्याच दिवशी दुपारी खुर्चीच्या लिफ्टवर गेली, त्यामुळे तिचा पास बुधवारऐवजी मंगळवारीच घ्यावा लागला. आम्ही दोघांनी पहिले तीन दिवस सरावाच्या लिफ्टच्या तिकिटावर काढले आणि गुरुवार-शुक्रवार त्या छोट्या भागाचे पास घेतले. सुरुवातीला वहीत मांडलेल्या आकड्याच्या निम्म्यातही खर्च गेला नाही. वाचलेल्या पैशांतून आम्ही दोघांनी बुधवारी एक तास खासगी शिकवणी घेतली. मला उजवीकडे वळता येत नव्हतं, त्या तासात आलं.

नवऱ्यानं दुकानात "जरा ऐसपैस द्या" म्हणून बूट घेतला होता. मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही नडग्या लाल. बुधवारी सकाळी एक माप कमी घेतलं आणि दुखायचं थांबलं. धाग्यात स्पष्ट लिहिलेलं असताना हे झालं, म्हणून पुन्हा लिहितेय: मोठा बूट घेऊ नका.

आणि इनखोरे, शुक्रवारी खरंच माझ्याकडे एक मूल आलं. रांगेत मी एकटी उभी होते, शिक्षकानं विचारलं आणि मी हो म्हणायच्या आत एक चार-पाच वर्षांची डच मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. अख्खा वेळ तिनं माझी बाही मुठीत धरली होती. वर पोचायच्या जरा आधी तिनं बाही सोडली, खुर्चीपुढचा दांडा वर करायला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पिझ्झा." उतरून दोघी पिझ्झा करतच थांबलो.

आता मुलगी विचारतेय, ईस्टरला परत जायचं का. तेव्हा बर्फ कुठे असतो?

---

इनखोरे

अभिनंदन सगळ्यांचं! बाबांना विशेष.

ईस्टरला उंचावर जायला हवं, खालच्या गावांचे उतार तोवर ओले होतात. आमच्याकडे श्टुबाई हिमनदीवर या, ३,२०० मीटरपर्यंत लिफ्ट जाते आणि एप्रिलमध्ये बर्फ चांगला असतो. सकाळी लवकर जायचं, एकच्या सुमारास खाली यायचं, दुपारनंतर तिथेही बर्फ जड होतो. दहा वर्षांखालची मुलं तिथे आई किंवा वडिलांच्या पासवर फुकट जातात.

मुलीचा दहावा वाढदिवस कधी आहे?

---

गोदाकाठची

१९ मेला! मुक्कामाचं आजच बघते.